‘प्रेरणादायी मुलाखत’ का खटकते?

प्रश्न पुण्यातल्या एका समाजकार्यकर्त्या ताईंचा आहे. जामिनावर असलेल्या आणि कोर्टाने परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, सोडलेल्या लोकांसाठी त्या दारू सोडवण्याचा गट चालवतात. पत्रकावर त्यांनी लिहिलंय, ‘गुन्हेगार ग्राहकांसाठी समूहोपचार व प्रेरणादायी मुलाखत’. ‘मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग’ला, म्हणजे माणसाला स्वतःच्याच तोंडून बदलाची कारणं सापडावीत अशा बोलण्याच्या पद्धतीला, याहून बरा शब्द आहे का, असं त्या विचारतात.

ताई, सगळ्यात आधी ‘मुलाखत’ काढा. मूळ अरबी ‘मुलाक़ात’ म्हणजे नुसती भेट. मराठीत ती नोकरीची झाली, नाहीतर व्यासपीठावरच्या पाहुण्याची. त्यामुळे ‘प्रेरणादायी मुलाखत’ वाचून कुणीतरी यशस्वी माणूस येऊन आपली कहाणी सांगणार आहे असंच वाटतं. तुमच्या लोकांच्या कानाला तर या शब्दाचा तिसराच अर्थ लागतो. येरवड्याला कारागृहाच्या दाराशी पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईला विचारा, ती म्हणेल, “भावाच्या मुलाखतीला आलेय.” आत राहून आलेल्या माणसासाठी मुलाखत म्हणजे घरचं माणूस दिसण्याची ती थोडकी मिनिटं. तो शब्द त्यांचा त्यांच्याकडेच राहू द्या.

‘प्रेरणादायी’ही उलट्या बाजूने जातो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 साली ही पद्धत मांडली ती दारूच्या उपचारांतल्या अनुभवातून. पुढे 1991 मध्ये स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर तिचं पुस्तक आलं. तिचं सूत्रच असं की प्रेरणा बाहेरून द्यायची नाही, समोरच्याच्या आत असते ती त्याच्याच तोंडून बाहेर येऊ द्यायची. आपल्या ‘समुपदेशन’मध्येसुद्धा ‘उपदेश’ बसलेला आहे. कोर्टात ‘समज देऊन सोडलं’ हे ज्याने ऐकलंय, त्याला आणखी एकाची समज नको असते.

यासाठी मराठीत एक सुंदर प्रयोग आधीपासून आहे: कलाने घेणं. हट्टाला पेटलेल्या पोराला आजी कलाने घेते, म्हणजे त्याच्याशी झोंबत नाही, आणि त्याला वाऱ्यावरही सोडत नाही. गटात कुणी म्हणालं, “मला कोर्टाने पाठवलंय, मला काही प्यायचा त्रास नाही,” तर “मग केस कशी झाली?” हा प्रश्न त्याला कोपऱ्यात ढकलतो. “इथे येणं तुम्ही ठरवलेलं नाही, त्याचा राग आहे,” एवढं म्हणून थांबलं, की पुष्कळदा तोच पुढे सांगतो, “राग नाही हो, पण बायको बोलत नाही आता.” इथे बदलाचं टोक हाती लागलं.

मनाच्या या अवस्थेला पाठ्यपुस्तकात ‘द्विधा मनःस्थिती’ म्हणतात. गटात मी ‘तळ्यात-मळ्यात’ म्हणेन. प्रत्येकाने लहानपणी खेळलेलं असतं, शिवाय त्यात दोषाचा वास नाही. आणि ‘चेंज टॉक’ला, म्हणजे माणूस स्वतःच बदलाबद्दल बोलू लागतो त्या बोलण्याला, ‘बदल-संभाषण’ कशाला? ‘तो सोडायची भाषा करतोय’ हे आपण रोज म्हणतो. सोडायची भाषा कोण करू लागलं, त्याकडे कान ठेवायचा.

एक सावधगिरी: ‘कलाने घेणं’ला लाड करण्याची छटाही आहे. म्हणून अहवालात आणि पत्रकात ‘प्रेरणा-संवाद’ लिहा, आणि गटात समजावताना ‘कलाने घेणं’ वापरा.

आता ‘गुन्हेगार ग्राहक’. ‘ग्राहक’ हा ‘क्लायंट’चा अनुवाद. ग्राहक दुकानातला आणि अशील वकिलाचा, दोन्ही इथले नव्हेत. ‘गुन्हेगार’ तर सरळ चूकच आहे, कारण जामिनावरच्या माणसाचा खटला अजून चालू आहे. हा फरक तुरुंगाची भाषाही पाळते: खटला चालू असलेला कच्चा कैदी वेगळा, शिक्षा झालेला पक्का वेगळा; कागदोपत्री न्यायबंदी वेगळा, सिद्धदोष बंदी वेगळा. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी कायद्याच्या मराठीने ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ (कायद्याशी संघर्षात सापडलेलं मूल) हा शब्द घडवला. उच्चारायला जड आहे, पण मुलावर शिक्का मारत नाही म्हणून मला तो आवडतो. मोठ्यांसाठी इतका जड शब्द घडवायची गरज नाही. ‘कोर्टकेस चालू असलेल्या किंवा परिवीक्षेवर असलेल्या व्यक्ती’ हे लांब आहे, पण खरं आहे.

‘समूहोपचार’ अहवालात ठीक आहे, पण दारावर चिकटवायच्या कागदावर मी ‘गटाची बैठक’ लिहीन. नुसतं ‘गट’ नको. आत राहून आलेल्यांना त्यात गटबाजी ऐकू येते. पत्रकाची ओळ अशी करून पाहा: ‘कोर्टकेस चालू असलेल्या किंवा परिवीक्षेवर असलेल्यांसाठी दारूबद्दल मोकळेपणाने बोलायची बैठक. उपदेश नाही.’ छापायच्या आधी गटातल्याच दोघा-तिघांना वाचून दाखवा, आणि ते कुठे अडखळतात ते मला जरूर कळवा.