व्हिटबीचं कॅप्टन कुक संग्रहालय पाहण्यासारखं आहे का, की वेळ वाया जाईल?

तुम्ही लिहिलंय की लीड्सहून एका दिवसासाठी इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीला चाललोय, सोबत सासू-सासरे आहेत, आणि तिथे म्हणे 'चारच खोल्या' आहेत. हे 'चारच खोल्या' आमच्या मेव्हण्यांच्या तोंडून इतकं ऐकलंय की उत्तर लिहायला बसलोच.

जा. अ‍ॅबीच्या, म्हणजे टेकडीवरच्या पडक्या मठाच्या, १९९ पायऱ्या आणि ड्रॅक्युलाची दुकानं सगळेच करतात. ग्रेप लेनवरचं हे घर १६८८ सालचं, जॉन वॉकर या क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) जहाजमालकाचं. मागची बाजू थेट एस्क नदीवर. पुढे जगभर सफरी करणारा इंग्रज दर्यावर्दी कुक १७४६ मध्ये वॉकरकडे उमेदवारीला (शिकाऊ म्हणून) लागला आणि लंडनला कोळसा नेणाऱ्या जहाजांवर तयार झाला. उमेदवार पोरं पोटमाळ्यावर राहायची, तो पोटमाळा पाहता येतो.

माझे बाबा हर्णैचे. तरुणपणी शिडाच्या गलबतावर मंगळुरी कौलं मुंबईला आणायचे, पुढे तांडेल, म्हणजे गलबताचे म्होरके, झाले. इंग्रजीचा गंध नाही. ते इकडे आले तेव्हा मेव्हणे म्हणाले, "त्यांना काय कळणार तिथलं? आणि इंग्रजांच्या खलाशाचं कौतुक आपण कशाला करायचं?" एवढं बोलून ते फिश अँड चिप्सच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

बाबांना पाट्या वाचता येत नव्हत्या, म्हणून ते वस्तू बघत होते. जहाजाच्या एका नमुन्यापुढे वाकून म्हणाले, "ह्याचं पोट सपाट आहे. हे ओहोटीला वाळूवर बसवायचं गलबत." अगदी तेच! कोळशाची जहाजं किनाऱ्यावर टेकवून ओहोटीत रिकामी करायची आणि भरतीला पुन्हा तरंगवायची. म्हणून तर नौदलाने व्हिटबीत बांधलेलं असं एक जहाज १७६८ साली कुकच्या पहिल्या सफरीसाठी विकत घेऊन त्याचं 'एंडेव्हर' केलं. १७७० मध्ये ते ग्रेट बॅरियर रीफवर आपटलं, तेव्हा नदीच्या मुखाशी काठावर चढवून दुरुस्त करता आलं. कुकच्या पुढच्या दोन्ही सफरींची जहाजंसुद्धा व्हिटबीचीच.

मग बाबांनी तिथल्या स्वयंसेवक बाईंना हातवाऱ्यांनी विचारलं, फळ्यांच्या फटीत काय भरता? मी मध्ये दुभाष्या. त्या म्हणाल्या, जुन्या दोरांचे पिंजलेले धागे आणि वरून डांबर. बाबा म्हणाले, आम्ही कापूस आणि तेलात खललेली राळ. त्यावरून दोघांचं जे सुरू झालं ते थांबेचना, मागे लोक खोळंबले. लंडनजवळ ग्रीनविचच्या मोठ्या सागरी संग्रहालयालाही आम्ही गेलो होतो. भव्य आहे, पण तिथे बाबांशी कोणी इतकं बोललं नाही.

आता 'कौतुक कशाला' याचं. कुक काही संत नव्हता. १७७९ मध्ये हवाईच्या राजाला ओलीस धरायला गेला आणि तिथेच मारला गेला. पण कान्होजी आंग्र्यांचं नाव निघालं की छाती फुगवणाऱ्या आमच्या मेव्हण्यांनी विजयदुर्गाचा किल्ला पाहिला, जवळच वाघोटण खाडीतली मराठा आरमाराची गोदी नाही पाहिली. तिथे फोटो चांगला येत नाही म्हणे. किल्ले बघायचे आणि गलबतं बांधणारे, हाकणारे विसरायचे, हा रोग व्हिटबीला येऊन लागलेला नाही, घरूनच आणलेला आहे.

हो, तुमचा प्रश्न. दीड तास पुरतो. जिने मात्र जुन्या घराचे आहेत, सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर पोटमाळ्याचा हट्ट नको. अगदी लहान मुलं असतील तर कंटाळतील. हिवाळ्यात बंद असतं, तारखा पाहूनच निघा. गाडी नसेल तर यॉर्कवरून जाणारी ८४० नंबरची बस आहे, रस्ता सुंदर आहे, पण परतीची शेवटची बस कधी ते आधीच बघून ठेवा.

आणि जेवण नंतर ठेवा. पोटं भरली की घरातलं कुणीतरी "आता कशाला त्या चार खोल्या" म्हणणारच. असं कुणी निघालंच, तर त्याला धक्क्यावरच बसवा. चिप्स पळवायला सीगल आहेतच सोबतीला.