गावाकडच्या पणजोबांच्या आधीच्या पिढ्यांची नावं कुठे सापडतील?

आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. कागद नंतरही मिळतील.

मग सातबारा. पण नुसत्या उताऱ्यावर थांबू नका, त्यावरचे फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाच्या नोंदी) क्रमांक उतरवून घ्या आणि ते जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून काढा. खातेदार वारला की वारसांची नोंद होते, त्यामुळे एका फेरफारात अख्खं घर सापडू शकतं. बऱ्याच तालुक्यांचे जुने कागद आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावरही पाहता येतात. जन्ममृत्यूसाठी गाव नमुना १४ किंवा कोतवाल बुक मागा.

बरेचसे जुने कागद मोडी लिपीत असतात. मोडी वाचणारा माणूस गाठाच. त्यात 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. आडनाव पुष्कळदा नसतंच, म्हणून आडनावावर अडून बसू नका, बापलेकांच्या नावांची जोडी जुळवा.

आमच्या पणजीला घरात सगळे 'थोरली आई' म्हणायचे, तिचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ते मला एका वारस फेरफारात मिळालं: सखू. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ तिथेच बसून होतो.

नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला घरचं कुणी विधीला गेलं असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे विधी करणाऱ्या पुरोहितांच्या, वह्याही पाहा; त्यात आलेल्या घरांची नावं लिहिलेली असतात. जाताना गाव, आडनाव आणि आधीचं गाव माहीत असेल तर तेही सांगा.