वाचकांचे प्रश्न: गेममधून अ‍ॅनिमे चित्रपट

प्रश्न: साठ-सत्तर तास खेळायचा गेम दोन तासांच्या अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) चित्रपटात बसवतात कसा?

उत्तर: अख्खा बसत नाही, आणि तो बसवायचाच असा हट्ट धरला की चित्रपट फसतो. जपानी पटकथालेखकांचा ढोबळ हिशोब आहे: 400 अक्षरी चौकटींचा एक कागद म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट. म्हणजे दोन तासांना 120 कागद. गेममधली भटकंती, त्याच त्या लढाया, हत्यारांची खरेदी वगळली तरी निव्वळ कथेचे प्रसंग कित्येक तासांचे उरतात.

'फेट/स्टे नाइट' या 2004 च्या गेममध्ये कथेच्या तीन वाटा आहेत. त्यातली एक वाट 2010 मध्ये एकाच चित्रपटात कोंबली गेली. परिणाम असा, की माणसांची नीट ओळख होण्याआधीच त्यांच्या जिवावरच्या लढाया सुरू होतात. दुसऱ्या एका वाटेला मात्र 2017, 2019 आणि 2020 असे तीन चित्रपट मिळाले. त्यातल्या पहिल्यात, बाकीच्या वाटांमधून प्रेक्षकाला आधीच माहीत असलेला भाग श्रेयनामावलीसोबत झरझर उरकला आहे. वाचलेला वेळ या वाटेची नायिका साकुरा रोज नायकाच्या घरी येऊन स्वयंपाक करते, त्या प्रसंगांना दिला आहे. काय कापायचं हे ठरवण्याचा इतका चांगला नमुना क्वचित सापडेल. लढाई कमी झाली तर प्रेक्षक चालवून घेतो. पण ज्या नात्यासाठी ती लढाई चालली आहे ते दिसलंच नाही, तर पुढचं सगळं कोरडं वाटतं.

दुसरा मार्ग नवी गोष्ट लिहिण्याचा. 'टेल्स ऑफ व्हेस्पेरिया'चा 2009 चा चित्रपट गेमच्या आधीच्या काळात घडतो. त्याच वर्षीच्या 'प्रोफेसर लेटन'च्या चित्रपटात त्याच पात्रांना नवं प्रकरण दिलं आहे. मालिकेत पाच-सहा भाग असतील तर आमचा कौल याच मार्गाला: गेम न खेळलेल्यालाही गोष्ट पहिल्यापासून कळते आणि खेळलेल्याला काहीतरी नवं मिळतं.

प्रश्न: नायक गेमभर बोलत नाही, त्याचं नावही खेळणारा ठेवतो. चित्रपटात त्याचं काय करायचं?

उत्तर: रूपांतराचा खरा कस इथेच लागतो. गेममध्ये निर्णय खेळणारा घेतो, म्हणून नायक कोरा असला तरी चालतं. चित्रपटात ते निर्णय नायकाच्या अंगावर येतात, आणि त्यांना कारण लागतं. 'पर्सोना 3'च्या चार चित्रपटांत (2013 ते 2016) त्याला माकोतो युकी हे नाव दिलं. त्याचं गप्प असणं लपवलं नाही. त्याला कशाचंच काही वाटत नाही, हाच त्याचा स्वभाव ठरवला. मग त्याला एकेक गोष्ट वाटू लागणं, हीच चारही चित्रपटांना बांधणारी कथा झाली.

करून बघायचं असेल तर गेममध्ये खेळणाऱ्यापुढे येणारे सगळे पर्याय एका कागदावर उतरवा. प्रत्येकातला एकच ठेवा आणि 'हा माणूस हेच का करेल' याचं उत्तर एका वाक्यात शेजारी लिहा. जिथे उत्तर सुचत नाही तो प्रसंग काढा. ज्या निर्णयासाठी नायकाला काहीतरी गमवावं लागतं तो मध्यावर आणा, नाहीतर पहिला तासभर तो नुसता इतरांच्या मागे फिरत राहतो.

प्रश्न: चित्रपटातल्या लढाईत हेल्थ बार (किती जीव उरला हे दाखवणारी गेममधली पट्टी) नसतो, मग कोण हरतंय हे कळतं कसं?

उत्तर: श्वास, पाय रोवण्याची पद्धत, फाटलेली बाही यांवरून. गेममध्ये पन्नास वेळा मारलेला खास वार चित्रपटात एकदाच, निर्णायक क्षणी यावा. एक युक्ती मात्र दोन्हीकडे चालते: फटका बसताच दोन-तीन फ्रेम चित्र गोठवायचं. फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक स्थिर चित्र; चित्रपटात सेकंदाला 24 असतात, म्हणून तीन फ्रेम म्हणजे सेकंदाचा आठवा भाग. फटक्याचं वजन तेवढ्यातच जाणवतं.

प्रश्न: आम्ही मित्र सराव म्हणून तीन मिनिटांचा तुकडा करतोय. गेमची 3D मॉडेल तयार असताना हाताने का काढायचं? आणि चित्रं किती लागतील?

उत्तर: आधी चित्रं. सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे तीन मिनिटांना 4,320. एक चित्र तीन फ्रेम धरून ठेवलं तर 1,440, तेही एकच पात्र सतत हलत असेल तर. दोन पात्रं वेगवेगळ्या थरांवर हलली की आकडा दुप्पट होतो. म्हणून कोण केव्हा स्थिर राहील हे स्टोरीबोर्डमध्येच (प्रसंगांच्या कच्च्या चित्रमालिकेत) ठरवा.

मॉडेल पार्श्वभूमीचा आणि कॅमेऱ्याच्या कोनाचा आराखडा म्हणून जरूर वापरा. गोंधळ होतो तो हाताने काढलेल्या पात्राशेजारी मॉडेल, समजा राक्षसाचं, उभं केल्यावर. पात्र सेकंदाला आठ चित्रांत हलतं आणि राक्षस चोवीस, मग राक्षस तरंगल्यासारखा दिसतो. त्याच्याही फ्रेम तीन-तीन धरून ठेवा.

पोशाख मॉडेलवरून जसाच्या तसा उतरवू नका. सहा पट्टे असलेला कोट पाच सेकंदांच्या कटमध्ये (एका सलग दृश्यात) 40 वेळा काढायचा, म्हणजे 240 पट्टे, आणि प्रत्येकाचं बक्कल वेगळं! दोन पट्टे ठेवा, पात्राची बाह्याकृती मात्र बदलू देऊ नका, कारण ओळख तिच्यावरूनच पटते. मग समोरून, बाजूने आणि मागून अशी चित्रं एका पानावर काढून प्रत्येक रंगाची उजेडातली आणि सावलीतली छटा तिथेच पक्की करा. हे पान सगळ्यांसमोर नसेल तर चौघांच्या हातून चार वेगळे नायक तयार होतात.

प्रश्न: गेम कंपनीची मंजुरी कोणत्या टप्प्यावर लागते?

उत्तर: हक्कांचा करार सगळ्यात आधी. त्यानंतर पटकथा, पात्रांचे आराखडे आणि स्टोरीबोर्ड, प्रत्येक वेळी. लेआउट, म्हणजे प्रत्येक कटची नेमकी मांडणी काढणं, सुरू झाल्यावर नायकाच्या तलवारीची मूठ बदला असं सांगणं आलं, तर ती दिसणारा प्रत्येक कट पुन्हा काढावा लागतो. म्हणून मूठ, चिन्हं, डोळ्यांचा रंग असल्या बारीक गोष्टींवर आराखड्याच्या टप्प्यालाच लेखी होकार घ्यावा. गेममधलं संगीत हवं असेल तर त्याच्या हक्कांची बोलणी वेगळी करा.