शोक, राग आणि श्वास : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आई जाऊन आठ महिने झाले. रोज आनापानसतीला, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याच्या ध्यानाला बसते, पण डोळे मिटले की तिचे शेवटचे दिवस समोर येतात आणि पाच मिनिटांत उठावं लागतं. तिचा चेहरा आठवून मैत्रीभावना (‘सुखी होवो’ अशी सदिच्छा मनात धरण्याचं ध्यान) केली, तर रडू आणखीच वाढलं. कुठे चुकतंय?

उत्तर : रडू येणं ही चूक नाहीच. सल्लत्थ सुत्त या पाली उपदेशात बुद्धांनी दोन बाणांचा दाखला दिला आहे. शरीराला होणारी दुःखद वेदना हा पहिला बाण. तो ज्ञानी शिष्यालाही लागतो. त्यावर मन शोक करत राहतं, तो दुसरा. आठवण येताच घशात आवंढा दाटतो, छातीवर दडपण येतं, हा तुमचा पहिला बाण. ‘मी आधीच का ओळखलं नाही’ हा दुसरा, आणि काम करायचं ते याच्यावर. पहिला लागूच नये म्हणून बसलात, तर दर बैठकीत हरल्यासारखं वाटेल.

सध्या डोळे अर्धवट उघडे ठेवा, नजर समोर जमिनीवर. श्वास मोजा: एक ते पाच, मग पुन्हा एकपासून सहा, असं दहापर्यंत वाढवत न्या आणि परत पाचवर या. आचार्य बुद्धघोषांनी पाचव्या शतकात लिहिलेल्या विसुद्धिमग्ग या बौद्ध साधनेवरच्या ग्रंथात याचं कारण दिलं आहे. पाचाच्या आत थांबलं तर मन कोंडून तडफडतं, दहाच्या पुढे गेलं तर ते श्वास सोडून आकड्यांनाच धरतं. रडू आलं की मोजणं थांबवा, शरीरात ते नेमकं कुठे जाणवतंय ते दोन-तीन श्वास पाहा आणि पुन्हा एकपासून सुरू करा. दहा मिनिटं पुरेत. बसवतच नसेल तर वीसेक पावलांच्या अंतरात सावकाश येरझाऱ्या घाला आणि लक्ष तळव्यांवर ठेवा. तीही पूर्ण साधनाच आहे.

मैत्रीभावनेत मात्र खरोखर चूक झाली आहे. दिवंगत व्यक्तीला आलंबन (ध्यानाचा विषय) करून ही भावना करू नये, असं विसुद्धिमग्ग स्पष्ट सांगतो. तिथे चित्त स्थिरावत नाही. सुरुवात स्वतःपासून करा. आईसाठी काही करावंसं वाटतंच. तिच्या नावे दान करा आणि ते पुण्य तिला अर्पण करा.

प्रश्न : सख्ख्या भावाने व्यवहारात फसवलं. मैत्रीभावनेत ‘तो सुखी होवो’ म्हणायला गेलो की तळपायाची आग मस्तकात जाते. हे ढोंग वाटतं.

उत्तर : तुम्ही शेवटच्या पायरीपासून सुरुवात केलीत, म्हणून ते ढोंग वाटतं. क्रम असा: आधी स्वतः, मग ज्यांच्याबद्दल आदर आहे अशी हयात व्यक्ती, मग जिवलग मित्र, मग ज्याच्याशी ना प्रेम ना वैर असा कुणी, आणि सगळ्यांत शेवटी वैरी. भाऊ मध्येच आठवला आणि राग उसळला, तर मागच्या व्यक्तीकडे परत जा. मन तिथे मऊ झालं की मगच पुढे. पहिले काही आठवडे भावाचं नावही घेतलं नाही तरी चालेल.

अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात आघात, म्हणजे मनात धरलेली अढी, सोडवण्याचे पाच उपाय आहेत: मैत्री, करुणा, उपेक्षा (म्हणजे दुर्लक्ष नव्हे, समभाव), त्या व्यक्तीला मनात न आणणं, आणि ‘त्याचं कर्म त्याचं’ हे चिंतन. चौथ्या उपायाकडे लोक पळवाट म्हणून बघतात, पण तो खुद्द बुद्धांनी सांगितलेला आहे आणि ताज्या जखमेला आमच्या मते तोच आधी लागू पडतो. रात्री मनातल्या मनात भांडण सुरू झालं की ‘आत्ता नाही’ म्हणून श्वासावर या.

एक गैरसमजही काढून टाका. मैत्री म्हणजे समेट नव्हे. आपला हक्क मागणं, दावा चालवणं, घरी जाणं-येणं बंद ठेवणं, हे सगळं करूनही द्वेष सोडता येतो.

प्रश्न : नैराश्यावर गोळ्या चालू आहेत. ध्यान सुरू केल्यावर त्या बंद करू का? दहा दिवसांच्या शिबिराला जावं का?

उत्तर : गोळ्या स्वतःहून बंद करू नका, कमीही करू नका. शिबिराचं डॉक्टरांना विचारा आणि अर्जात आजार लपवू नका. दिवसभराच्या मौनात दबलेलं बरंच वर येतं आणि त्या वेळी आधाराला ओळखीचं कुणी नसतं. तोवर घरी दहा-पंधरा मिनिटं श्वास मोजा. बसल्यावर धडधड वाढत गेली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर ध्यान थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.