लाइट गेल्यावर: यूपीएस, इन्व्हर्टर की दोन्ही?

प्रश्न : घरी ९०० व्हीएचा साइनवेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी आहे. पंखे-दिवे छान चालतात, पण लाइट गेली की कॉम्प्युटर बंद होऊन परत सुरू होतो आणि हिशेबाचे काम बुडते. दुकानदार म्हणतो, मोठा इन्व्हर्टर घ्या. घ्यावा का? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : मुळीच घेऊ नका. तुमचा इन्व्हर्टर लहान पडत नाही, तो उशिरा जागा होतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधला (म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातला) वीज साठवणारा कपॅसिटर साधारण तेवढाच वेळ तग धरतो, आणि एसएमपीएस जुना असेल तर त्याहूनही कमी. पंख्याला एवढी फट जाणवत नाही, कॉम्प्युटरला जाणवते.

आधी इन्व्हर्टरच्या मागचा किंवा समोरचा छोटा स्विच पाहा. त्यावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असे लिहिलेले असते. नॉर्मलवर असेल तर बॅटरीवर यायला ४० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात; यूपीएसवर हा वेळ १०-१५ मिलिसेकंदांपर्यंत खाली येतो. बऱ्याच घरांतला त्रास एवढ्यानेच मिटतो. मात्र यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेले की इन्व्हर्टर लगेच बॅटरी धरतो. पावसाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल, तर वीज असूनही बॅटरी रिकामी होत राहील. तसे होताना दिसले, तर इन्व्हर्टर नॉर्मलवरच ठेवा आणि कॉम्प्युटरपुरता ६०० व्हीएचा लाइन-इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेजची चढउतार स्वतः सांभाळणारा) यूपीएस इन्व्हर्टर आणि कॉम्प्युटर यांच्या मध्ये लावा. धक्का यूपीएस झेलेल, तासांचा भार इन्व्हर्टर वाहील. मॉनिटरही यूपीएसवरच घ्या. लेझर प्रिंटर मात्र त्यावर कधीच नको. त्याचा हीटर कागद काढताना एवढा करंट ओढतो की यूपीएस ओव्हरलोडने बंद पडतो.

विकत घेताना व्हीए पाहून फसू नका. ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो. आत १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी असते. १२० वॅटच्या भाराला ती नवी असताना पंधरा-वीस मिनिटे पुरते, दोन-तीन वर्षांनी चार मिनिटेही पुरत नाही. तेव्हा पूर्ण यूपीएस बदलू नका, फक्त बॅटरी बदला.

हे सगळे साइनवेव्ह, म्हणजे मेनच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणाऱ्या इन्व्हर्टरला लागू आहे. स्क्वेअरवेव्ह इन्व्हर्टरची वीज कित्येक यूपीएसना मानवत नाही. ते स्वतःच्या बॅटरीवरच बसून राहतात आणि पाव तासात बीप करत बंद होतात. लोकांना वाटते यूपीएस बिघडला. दोष असतो समोरून येणाऱ्या लहरीचा.

प्रश्न : सासूबाईंना घरी ५ लीटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावला आहे. डॉक्टरांनी मिनिटाला २ लीटर सांगितले आहे. रात्री वीज गेली तर काय? (रामबाग, इंदूर)

उत्तर : इथे एकाच सोयीवर विसंबू नका. ५ लीटरचे यंत्र साधारण ३५० वॅट घेते, आणि आत कॉम्प्रेसर असल्याने सुरू होताना त्याच्या दोन-तीन पट ओढते. म्हणून इन्व्हर्टर साइनवेव्हच हवा. स्क्वेअरवेव्हवर कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि तापतो.

१५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची एक बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची, म्हणजे पाच तास चालावी. पण तो आकडा वीस तासांत हळूहळू रिकामी करण्याचा आहे. ३५-४० अँपिअरने ओढली की ती तेवढी देत नाही, शिवाय इन्व्हर्टरमध्येही वीज खर्च होते. नव्या बॅटरीवर तीन तास धरा, दोन-तीन उन्हाळे काढलेल्या बॅटरीवर दोन. त्यामुळे दोन बॅटऱ्यांचा, २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घ्या. करंट निम्मा होतो आणि सहा-सात तास मिळतात. दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच दिवशी घेतलेल्या हव्यात. घरातल्या जुनीला नवी जोडली, तर जुनी आधी रिकामी होते आणि नवीलाही सोबत घेऊन बुडते.

एवढे करूनही बी टाइपचा भरलेला सिलिंडर खाटेजवळ उभा, साखळीने बांधलेला ठेवाच. त्यात साधारण १५०० लीटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला २ लीटरने बारा तासांच्या वर पुरतो. फ्लोमीटर (ऑक्सिजनचा प्रवाह मोजणारी नळी) आधीच बसवून ठेवा आणि सिलिंडर उघडायची किल्ली तिथेच दोरीने बांधा, कारण अंधारात किल्लीच सापडत नाही. वीज परतल्यावर यंत्र आपोआप सुरू होते की बटण दाबावे लागते, तेही आजच पाहून घ्या. सुरू झाल्यावर पूर्ण शुद्धतेचा ऑक्सिजन यायला काही मिनिटे लागतात. तोवर सिलिंडर काढू नका.

बॅटऱ्या सासूबाईंच्या खोलीत नकोत, कारण चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. हवेशीर गॅलरीत, पण उन्हाआड ठेवा. दर महिन्याला दिवसाउजेडी मेन स्विच बंद करून अर्धा तास सगळे चालवून पाहा. त्याच दिवशी बॅटरीतल्या पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट पाहा. लाल खूण दिसली की डिस्टिल्ड वॉटर घाला. आपले नर्मदेचे पाणी पिण्यासाठी कितीही चांगले असो, बॅटरीत नको, आणि आरओचेही नको; त्यातले क्षार प्लेटांवर बसतात. अ‍ॅसिड तर कधीच घालू नका. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड दिसली, तर इन्व्हर्टर बंद करून तारा सोडा (आधी ऋण), खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने पुसा, कोरडे करून घट्ट कसा आणि वरून व्हॅसलीन लावा. सोड्याचे पाणी झाकणातून आत जाऊ देऊ नका. ही पूड साचली की जोड तापतो आणि भरलेली बॅटरीही रिकाम्यासारखी वागते.

प्रश्न : फक्त वायफाय चालू राहावे, एवढेच हवे आहे. (पलासिया, इंदूर)

उत्तर : मग १२ व्होल्टचा राउटर यूपीएस पुरे. अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर आणि पिनच्या मधल्या भागाची खूण धन आहे का, हे जुळवून घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ देऊ नका. फायबरचा डबा वेगळा असेल, तर त्यालाही जोड लागेल. एकट्या राउटरचे दिवे लागून इंटरनेट येत नाही.

प्रश्न : पॅथॉलॉजी लॅबच्या अ‍ॅनालायझरसाठी ऑनलाइन यूपीएस सांगितला आहे. तिप्पट पैसे का द्यायचे? (इंदूर)

उत्तर : द्या. त्यात यंत्र सतत इन्व्हर्टरच्याच विजेवर चालते, त्यामुळे बदलाची फट शून्य. तपासणी मध्येच तुटली की रीएजंट (तपासणीचे रसायन) आणि नमुना दोन्ही वाया जातात. पण आधी इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधले व्होल्टेज मोजून घ्या. ते ३ च्या वर असेल तर अर्थिंग सुधारल्याशिवाय यूपीएस बसवू नका. लॅबचा फ्रिज त्याच्यावर टाकू नका. कॉम्प्रेसर सुरू होताना यूपीएस बायपासवर, म्हणजे थेट मेनच्या विजेवर जाईल, आणि नेमक्या त्याच क्षणी लाइट गेली तर अ‍ॅनालायझरही बंद पडेल.