११८ कोटींतला एक रुपयाही हुसेन यांचा नव्हता

प्रश्न : मुलगी बारावीला आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ‘ए’ ग्रेड. इन्स्टाग्रामवर ३८ हजार फॉलोअर्स. रोज एका सेलिब्रिटीचं पोर्ट्रेट करून रील टाकायची, अशी शिस्त मी लावली आहे. चित्रकार एम. एफ. हुसेन यांचं चित्र ११८ कोटींना गेलं, म्हणजे या क्षेत्रात पैसा आहेच. दुबईच्या एका प्रदर्शनाचं निमंत्रण आलंय, दोन चित्रांचे ६५ हजार भरायचे आहेत. एकदा नाव झालं की कॉलेजची चार वर्षं वाचतील ना? हल्ली ती वहीत स्वतःचं काहीच काढत नाही, कंटाळा करते. तिला समजवा.
– एक पालक, सांगली

उत्तर : समजवायचं तर तुम्हालाच आहे. काळजीचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय : ती वहीत काढत नाही. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी फोटोवर चौकटी आखून कुठल्यातरी नटाचा चेहरा उतरवायचा, रात्री रील, आणि सकाळी चहाबरोबर तुम्ही व्ह्यूज विचारणार. वहीला वेळ कुठून आणायचा तिनं? अख्ख्या पत्रात तिला काय काढायला आवडतं याचा एक शब्द नाही. ब्रँडिंगची हौस तुम्हाला आहे, राबतेय ती.

या रोजच्या पोर्ट्रेटनं हातही बिघडतो. फोटोत प्रमाण, अंतर, उजेड सगळं कॅमेऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं. समोर खराखुरा तांब्या ठेवा आणि काढायला सांगा. काठाचा लंबगोल बरा जमेल, पण बूड बहुतेक सरळ रेघेत येईल. खरं तर नजरेच्या रेषेपासून जितकं खाली जावं तितका लंबगोल फुगत जातो. हे बघून बघूनच हातात बसतं.

आता ते ११८ कोटी. हुसेन यांची ‘ग्राम यात्रा’ १९५४ची. तेव्हा एका परदेशी डॉक्टरनं ती १,४०० रुपयांना घेतली. मार्च २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ती विकली गेली, तेव्हा हुसेन यांना जाऊन चौदा वर्षं होत आली होती. लिलावातला पैसा विकणाऱ्या मालकाला आणि लिलावगृहाला मिळतो. बातमीतल्या आकड्यात लिलावगृहाचं खरेदीदाराकडून घेतलेलं शुल्कही धरलेलं असतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५३अ आहे : मूळ चित्र १० हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला किंवा वारसांना जास्तीत जास्त १० टक्के वाटा. त्यावर कुणी घर चालवतं असं मात्र समजू नका. आणि प्रसिद्धीचंच म्हणाल तर चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करत, माणसांत फारसे मिसळत नसत. २००१मध्ये ते गेले. १९६१च्या त्यांच्या एका चित्राला ३९.९८ कोटी आले ते २०२१ साली.

जिवंत, नव्या चित्रकाराचा हिशेब वेगळा. समजा, चित्र ४० हजारांना गेलं. गॅलरीचं कमिशन निम्म्यापर्यंत जातं, म्हणजे हातात २० हजार. त्यातून कॅनव्हास-रंगांचे ५ हजार, फ्रेमचे ४, वाहतुकीचे २. उरले ९ हजार, तेही चित्र विकलं गेलं तर.

दुबईचे ६५ हजार भरू नका. ज्या गॅलरीला चित्र विकायचं असतं ती विक्रीतून कमिशन घेते. इथं आयोजकाची कमाई तुम्ही पैसे भरलेत तिथंच झाली, मग गिऱ्हाईक आणायची त्याला गरज काय? तरी मोह सुटत नसेल तर लेखी विचारा : चित्रांचा विमा कुणाचा, न विकलेली चित्रं कुणाच्या खर्चानं परत येणार, पैसे किती दिवसांत मिळणार, मागच्या वर्षी किती चित्रं विकली गेली. उत्तरात नुसतं ‘एक्स्पोजर’ आणि प्रमाणपत्र आलं तर विषय संपला.

प्रवेशाचं थोडक्यात : बारावीनंतर बीएफए ही कलेची पदवी, त्यासाठी राज्याची एएसी सीईटी, म्हणजे वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे आणि बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीचे नियम त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळांवर पाहा. पण अर्ज भरण्याआधी तिला हे हवंय का, ते विचारा. नको म्हणाली तर तेही उत्तरच आहे.

दोन महिने रील बंद. मुंबईला न्या, काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आणि जवळचीच एनजीएमए, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट दाखवा, तिथं तिच्यामागे मोबाइल घेऊन फिरू नका. घरी आल्यावर नवी कोरी वही द्या, आणि ती तिनं दाखवल्याशिवाय उघडू नका.