ऑप्टोमेट्री बोर्डाची मुदत : वाचकांचे प्रश्न

डोळे तपासून चष्म्याचा नंबर देणाऱ्या डॉक्टरांना लायसन्स देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या ऑप्टोमेट्री बोर्डाच्या मुदतवाढीचा विषय निघाला की तेच गैरसमज पुन्हा माझ्यापर्यंत येतात. म्हणून एकत्र उत्तरं देते.

प्रश्न : वॉट्सॲपवर वाचलं की बोर्ड ‘सनसेट’ होणार, म्हणजे मुदत संपून बंद पडणार. मग आमच्या डॉक्टरांचं लायसन्स रद्द होणार का?

नाही. असले फॉरवर्ड कृपया पुढे पाठवू नका. बोर्डाच्या कायद्यातच मुदतीची तारीख लिहिलेली असते. ती जवळ आली की बोर्ड आपल्या कामाचा अहवाल देतं, विधिमंडळाच्या समित्या जाहीर सुनावणी घेतात आणि मग मुदत वाढवायची का ते ठरतं. १९७६ मध्ये कोलोरॅडोने असा कायदा पहिल्यांदा केला. समजा मुदत वाढली नाही, तरी बोर्डाचे अधिकार राज्याच्या ग्राहक व्यवहार खात्याकडे जातात. लायसन्सची अट तशीच राहते.

प्रश्न : लायसन्स चालू आहे हे कसं कळेल?

ग्राहक व्यवहार खात्याच्या संकेतस्थळावर डॉक्टरांचं नाव टाका. फुकट दिसतं.

प्रश्न : महाराष्ट्र मंडळाच्या नाटकासाठी मुलीला हिरव्या कॉन्टॅक्ट लेन्स हव्यात. दुकानदार म्हणतो, नंबर शून्य असला तर प्रिस्क्रिप्शन लागत नाही. नाहीतर मैत्रिणीच्या वापरू का?

दोन्ही नको. दुकानदार खोटं सांगतोय. २००५ च्या कायद्यानुसार अमेरिकेत शून्य नंबरची लेन्सही वैद्यकीय उपकरण आहे. प्रिस्क्रिप्शनशिवाय ती विकता येत नाही. लेन्सच्या प्रिस्क्रिप्शनवर नंबराखेरीज बुबुळाच्या गोलाईला जुळणारा बेस कर्व्ह आणि लेन्सचा व्यास लिहिलेला असतो, तो उगाच नाही. घट्ट लेन्सखाली बुबुळाला प्राणवायू कमी पडतो, वरचा नाजूक थर खरचटतो. तिथे स्यूडोमोनास जंतू शिरला तर एक-दोन दिवसांत जखम होते आणि नजरेच्या मधोमध पांढरा डाग कायमचा राहू शकतो. नळाच्या पाण्याने लेन्स धुतली तर अकँथामिबा या पाण्यातल्या सूक्ष्मजीवाच्या संसर्गाची भीती. त्याचे उपचार महिनोन्महिने चालतात. मैत्रिणीच्या लेन्सबरोबर तिच्या डोळ्यातले जंतूही येतात.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सोसवेना, तर लेन्स काढा, डबीत ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ‘उद्या बघू’ नको. घरात उरलेले थेंब तर मुळीच घालू नका. त्यात स्टिरॉइड असलं तर संसर्ग भडकतो. लेन्स हव्याच असतील तर आधी मुलीचे डोळे तपासून माप घ्या.

चष्मे-लेन्स विकणाऱ्या ऑप्टिशियनांची नोंदणी २०१६ पासून याच बोर्डाकडे आहे. म्हणून माझं स्पष्ट मत : मुदत वाढवा, पण तक्रारी वेळेत निकाली काढायची अट घालून. सुनावणीत सामान्य नागरिकालाही बोलता येतं. जाऊन बोला.

प्रश्न : ‘चष्मा इथूनच घ्या, तरच प्रिस्क्रिप्शन देऊ’ असं सांगितलं. चालतं का?

अजिबात नाही. चष्म्याची तपासणी संपली की, तुम्ही न मागता, जादा पैसे न घेता ते हातात द्यावं लागतं. फेडरल ट्रेड कमिशन या केंद्र सरकारच्या ग्राहक-संरक्षण संस्थेचा हा नियम १९७८ चा आहे. पावती जपा, बोर्डाकडे लेखी तक्रार करा.

प्रश्न : आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन इथेच झालं. सहा महिन्यांनी धूसर दिसतंय. तक्रार याच बोर्डाकडे करायची का?

नाही, शस्त्रक्रिया करणारे नेत्रतज्ज्ञ मेडिकल बोर्डाखाली येतात. पण तक्रारीआधी आईंना दाखवून आणा. बसवलेल्या लेन्समागचं पातळ आवरण गढूळ होणं नेहमीचं आहे. तेवढंच असेल तर लेसरने सुटतं. मात्र अचानक काळे ठिपके किंवा विजेसारखी चमक दिसत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच न्या.